एकच कोड, अनेक ग्राहक: मल्टी-टेनंट सेवेत ग्राहकाला स्वतःपुरते बदल कसे करू द्यावेत

एकाच सॉफ्टवेअरची एकच चालती प्रत शेकडो संस्था वापरत असतात (अशा सेवेला मल्टी-टेनंट आणि तिच्यातील प्रत्येक ग्राहक-संस्थेला टेनंट म्हणतात), तेव्हा प्रत्येकीला ते आपल्या पद्धतीने चालावे असे वाटणे स्वाभाविक असते. एकीला बिलावर वाहन क्रमांक हवा असतो, दुसरीला ठराविक रकमेच्या वरच्या ऑर्डरसाठी दोन अधिकाऱ्यांची मंजुरी हवी असते, तिसरीला सगळे काही स्वतःच्या डोमेनवर आणि स्वतःच्या बोधचिन्हासह दिसायला हवे असते. पहिल्या दोन-चार मागण्या बहुतेक टीम कोडमध्ये ‘ग्राहक अमुक असेल तर असे, नाहीतर तसे’ अशी अट घालून पूर्ण करतात, कारण त्या दिवशी तोच सर्वांत जवळचा रस्ता असतो. अशा अटी वीस-पंचवीस झाल्या की कोणता बदल कोणाला बाधेल हे कोणालाच सांगता येत नाही, चाचण्या ग्राहकागणिक वेगळ्या कराव्या लागतात आणि एकदा दुरुस्त केले की सर्वांसाठी दुरुस्त झाले, हा सामाईक कोडचा मूळ फायदाच हातचा जातो.

म्हणून या लेखातील सर्व पायऱ्या एका नियमावर उभ्या आहेत: ग्राहकाने केलेला प्रत्येक बदल माहिती म्हणून साठवला जावा आणि कोडमध्ये कोणत्याही ग्राहकाचे नाव कधीही येऊ नये. जी मोकळीक या नियमात बसत नाही ती देऊ नये, किंवा ती बसेल असे रूप सापडेपर्यंत थांबावे. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम सोप्याकडून अवघडाकडे जातो. खालच्या पायरीवर भागत असेल तर वरच्या पायरीवर चढू नये, कारण दिलेली मोकळीक परत घेणे हे ती देण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

पायरी १: मागण्यांची वर्गवारी करा

विक्री आणि ग्राहक-सहाय्य विभागांकडे साचलेल्या मागण्या एकत्र करा आणि प्रत्येकीपुढे लिहा की ग्राहकाला नेमके काय बदलायचे आहे: एखादे मूल्य, दिसणे, मजकूर, साठवायची माहिती, कामाचा नियम, बाहेरच्या प्रणालीशी जोडणी, की खुद्द गणिताची रीत. ही यादी करताना एक गोष्ट हमखास लक्षात येते, ती म्हणजे बऱ्याच मागण्या कस्टमायझेशनच्या नसतातच. मूळ उत्पादनात काहीतरी कमी असते आणि ते सर्वांनाच हवे असते. त्या बाजूला काढून उत्पादनाच्या कामात टाका.

काही मागण्यांना स्वच्छ नकार द्यावा. लेखापरीक्षणाची नोंद बंद करणे, परवानग्यांच्या तपासणीला बगल देणे, पूर्ण झालेल्या व्यवहाराची रक्कम मागाहून बदलू देणे यांसाठी सेटिंग असूच नये, कारण या गोष्टी पक्क्या आहेत या विश्वासावर बाकीचे सर्व भाग लिहिलेले असतात.

पायरी २: माहिती वेगळी ठेवण्याची व्यवस्था आधी पक्की करा

सानुकूल फील्ड (ग्राहकाने स्वतः जोडलेले माहितीचे रकाने), नियम आणि साचे सुरू झाले की डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेरी, म्हणजे माहिती मागणाऱ्या विनंत्या, प्रोग्रामरने हाताने लिहिलेल्या राहत नाहीत. ग्राहकाच्या व्याख्यांवरून त्या ऐन वेळी तयार होतात. त्यामुळे एखादी अट लिहायची राहून गेली तरी एका टेनंटची माहिती दुसऱ्याला दिसणार नाही, अशी हमी डेटाबेसच्याच पातळीवर हवी. प्रत्येक टेबलात टेनंट क्रमांकाचा कॉलम असावा आणि तो प्रायमरी की (ओळीची ओळख) व फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीचा संदर्भ) या दोन्हींचा भाग असावा, म्हणजे एका टेनंटच्या ऑर्डरला दुसऱ्याचा पत्ता जोडण्याचा प्रयत्न डेटाबेसच नाकारेल. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून ओळींच्या पातळीवरील सुरक्षेची सोय आहे. तिच्या साहाय्याने ‘चालू टेनंटच्याच ओळी दिसाव्यात’ असे धोरण टेबलावर लावता येते.

इथे दोन गोष्टी हमखास निसटतात. टेबलाच्या मालकाला हे धोरण आपोआप लागू होत नाही आणि सुपरयूझरला तर कधीच होत नाही. म्हणून ॲप्लिकेशन ज्या खात्याने डेटाबेसला जोडले जाते ते या दोहोंपैकी कोणतेही नसावे. दुसरे असे की, डेटाबेसच्या जोडण्या पूलमधून, म्हणजे सामाईक साठ्यातून, वाटल्या जात असतील तर चालू टेनंटचा क्रमांक संपूर्ण सेशनसाठी न ठेवता त्या ट्रान्झॅक्शनपुरताच ठेवावा, अन्यथा आधीच्या ग्राहकाचा क्रमांक तसाच असलेली जोडणी पुढच्या ग्राहकाच्या विनंतीला मिळते. डेटाबेसबाहेरही हीच काळजी घ्यावी लागते: कॅशची (झटपट वाचनासाठी ठेवलेल्या प्रतींची) की, अपलोड केलेल्या फाइलींचा मार्ग, शोधाचा इंडेक्स आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांचा संदेश या प्रत्येकात टेनंट क्रमांक असलाच पाहिजे. गळती बहुधा कॅशमधूनच होते, कारण डेटाबेसची तपासणी सगळे करतात आणि कॅशकडे कोणी पाहत नाही.

एखादा मोठा ग्राहक स्वतंत्र डेटाबेसचा आग्रह धरतो, तेव्हा तो देण्यास हरकत नाही. मात्र स्कीमा (टेबलांची रचना) आणि कोड सर्वांचा तोच राहिला पाहिजे. जागा वेगळी देता येते, आवृत्ती वेगळी देऊ नये.

पायरी ३: सेटिंगांची नोंदवही तयार करा

प्रत्येक सेटिंग कोडमध्ये एकाच ठिकाणी घोषित करावे: त्याचे नाव, प्रकार, मान्य मूल्ये, मूळ मूल्य, ते कोण बदलू शकतो आणि कोणत्या स्तरावर बदलू शकतो. स्तर साधारणपणे चार पुरतात: सेवेचे मूळ मूल्य, टेनंट, टेनंटमधील विभाग आणि व्यक्ती. खालच्या स्तरावर मूल्य असेल तर ते घ्यावे, नसेल तर वरच्या स्तरावर पाहावे. आणि टेनंटच्या प्रशासकाला एखादे मूल्य खालच्यांसाठी कुलूपबंद करता यावे. पडद्यावर चालू मूल्यासोबत ते कोणत्या स्तरावरून आले हेही दाखवावे. ही बारीकशी सोय सहाय्य विभागाचे जितके काम वाचवते तितके क्वचितच दुसरे काही वाचवत असेल.

नवा ग्राहक आला की सर्व मूळ मूल्यांची प्रत त्याच्या खात्यात उतरवून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती टाळावी. केवळ फरक साठवावा. प्रत उतरवली की पुढे मूळ मूल्य सुधारले तरी जुन्या ग्राहकांपर्यंत ते पोचत नाही, आणि ग्राहकाने ते मूल्य विचारपूर्वक निवडले होते की ते नुसतेच पडून होते, हे नंतर ओळखण्याचा मार्ग उरत नाही. याउलट ज्या मूल्याचा बदल ग्राहकाच्या कामावर थेट परिणाम करेल, उदाहरणार्थ रकमा पूर्णांकात आणण्याची रीत, ते मात्र खाते उघडतानाच पक्के लिहून ठेवावे. कोणते सेटिंग कोणत्या वर्गात पडते हे घोषणेतच नमूद असावे.

सेटिंग, ग्राहकाने घेतलेल्या प्लॅननुसार मिळणारे हक्क आणि रिलीजसाठीचे फीचर फ्लॅग या तीन वस्तू वेगळ्या ठेवाव्यात. सेटिंग ग्राहकाच्या मालकीचे असते, हक्क कराराने ठरतो आणि फ्लॅग हा तुमच्या टीमचा तात्पुरता स्विच असतो, जो काम झाल्यावर पुसायचा असतो. जुना फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरणे तर कटाक्षाने टाळावे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत असा एक फ्लॅग नव्या अर्थाने वापरात आला. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता, तिथे त्याच फ्लॅगने जुना, निकामी कोड जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला.

सेटिंगांच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवावी: कोणी, केव्हा, आधीचे काय, नंतरचे काय. टेनंटच्या सर्व सेटिंगांना मिळून एक आवृत्ती क्रमांक द्यावा आणि तो कॅशच्या कीमध्ये घालावा, म्हणजे बदल झाल्यावर जुनी कॅश शोधून पुसण्याचा खटाटोप उरत नाही.

पायरी ४: दिसणे, मजकूर आणि डोमेन

रंग, बोधचिन्ह आणि अक्षरवळण यांसाठी ग्राहकाला मोजकी नावे असलेली मूल्ये द्यावीत: मुख्य रंग, बटणावरील मजकुराचा रंग, कोपऱ्यांची गोलाई वगैरे. ती पानावर सीएसएस (पानाच्या सजावटीची भाषा) व्हेरिएबल म्हणून उतरवावीत. रंग जतन करताना मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील कॉन्ट्रास्ट मोजावा; डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुरासाठी तो किमान ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुरासाठी ३ ला १ हवा. कमी पडत असेल तर ग्राहकाला नुसते अडवू नये, जवळची चालणारी छटा सुचवावी.

ग्राहकाला हवे ते सीएसएस किंवा एचटीएमएल चिकटवू देण्याचा मोह आवरावा. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर पसरलेला वर्म (स्वतःहून पसरणारा कोड) प्रोफाइल सजवण्याच्या अशाच मोकळिकीतून निघाला होता: स्टाइलच्या नियमात जावास्क्रिप्ट दडवलेली होती आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइल त्याच्या तडाख्यात सापडली. आजचे ब्राउझर स्टाइलमधून जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, तरीही ॲट्रिब्यूट सिलेक्टर आणि पार्श्वचित्राचा पत्ता यांच्या जोडीने पानातील गुप्त मूल्य अक्षराअक्षराने बाहेर पाठवता येते. शिवाय ग्राहकाचे सीएसएस तुमच्या पानाच्या आतल्या रचनेला चिकटते, म्हणजे पुढे एखादा घटक हलवला तरी कोणाचे तरी पान मोडते. बोधचिन्हासाठी आलेली एसव्हीजी फाइल हीदेखील स्क्रिप्ट वाहून नेऊ शकते. ती आधी पीएनजीत रूपांतरित करावी.

लेबले बदलण्याची सोय साधी वाटते, पण मराठीसारख्या विभक्तिप्रत्ययांच्या भाषेत ती फसते. ‘ग्राहक’ या शब्दाच्या जागी ‘विद्यार्थी’ ठेवायचे म्हटले, तर ‘ग्राहकाला’, ‘ग्राहकांची यादी’, ‘नवा ग्राहक जोडा’ अशी प्रत्येक जागा वेगळे रूप मागते आणि शब्दामागे नुसता प्रत्यय जोडून ‘विद्यार्थीला’ असे काहीतरी उमटते. म्हणून शब्द बदलू देण्याऐवजी पूर्ण वाक्ये बदलू द्यावीत, किंवा प्रशासकाकडून एकवचन, अनेकवचन आणि दोन्हींची सामान्यरूपे अशी चार रूपे भरून घ्यावीत.

स्वतःचे डोमेन देताना मालकीचा पुरावा म्हणून डीएनएसमध्ये (डोमेनांच्या नोंदवहीत) टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद मागावी. उपडोमेनसाठी सीनेम नोंद (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी) पुरते, पण मूळ डोमेनवर डीएनएसच्या नियमांनुसार सीनेम ठेवता येत नाही. ही गोष्ट मार्गदर्शनाच्या पानावर ठळकपणे लिहावी, नाहीतर तोच प्रश्न वारंवार येत राहतो. डोमेनची सुरक्षा-प्रमाणपत्रे मिळवणे आणि त्यांचे नूतनीकरण पूर्णपणे स्वयंचलित असावे, कारण प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर-निर्माते यांच्या सीए/ब्राउझर फोरमच्या निर्णयानुसार त्यांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. ग्राहकाच्या नावाने ईमेल पाठवायचे असतील तर एसपीएफ आणि डीकेआयएम या प्रेषक खरा असल्याचे दाखवणाऱ्या नोंदी तपासल्याशिवाय ते पाठवणे सुरूच करू नये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना या दोन्हींसह त्यांवर आधारलेले डीमार्क धोरणही बंधनकारक केले आहे.

पायरी ५: सानुकूल फील्ड

ग्राहकांना सर्वांत जास्त हवी असलेली सोय हीच आणि रचनेची खरी परीक्षाही इथेच होते. साठवणीच्या चार रीती प्रचलित आहेत. प्रत्येक फील्डसाठी टेबलात खरा कॉलम जोडणे ही पहिली. एका ग्राहकासाठी ती उत्तम चालते, पण सामाईक टेबलात ती लवकरच अडते, कारण पोस्टग्रेसच्या टेबलात १,६०० पेक्षा अधिक कॉलम बसत नाहीत आणि पुसलेले कॉलमही त्या मर्यादेत मोजले जातात. दुसऱ्या रीतीत नोंद, फील्ड आणि मूल्य अशा तीन कॉलमांच्या टेबलात प्रत्येक मूल्याची वेगळी ओळ ठेवतात. ती लवचीक खरी, पण पाच फील्डवर गाळणी लावायची झाली की त्याच टेबलाचे पाच जॉइन होतात आणि अहवाल रेंगाळू लागतात. तिसरी रीत सेल्सफोर्स या ग्राहक-व्यवस्थापन सेवेने प्रसिद्ध केली: मजकुराचे अनेक मोकळे कॉलम आधीच तयार ठेवायचे आणि कोणत्या टेनंटसाठी कोणत्या कॉलमाचा अर्थ काय, हे वेगळ्या व्याख्या-टेबलात लिहायचे. चौथी म्हणजे सर्व सानुकूल मूल्ये एका जेसनबी (नाव-मूल्य जोड्या साठवणाऱ्या) कॉलमात ठेवणे. हा प्रकार पोस्टग्रेसच्या ९.४ या आवृत्तीपासून आहे.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने चौथी रीत निवडावी, असे माझे मत आहे. तिच्यात नवा फील्ड जोडताना टेबलाला हात लागत नाही आणि संपूर्ण नोंद एका वाचनात मिळते. मात्र तिची दुखणी आधी माहीत असावीत. जेसनबी कॉलमवर जिन इंडेक्स (शोध वेगवान करणारी एक प्रकारची सूची) लावला तर ‘अमुक फील्डचे मूल्य अमुक आहे’ असा शोध वेगाने होतो, पण ‘पेक्षा जास्त’ किंवा ‘या दोन तारखांमध्ये’ असा शोध आणि क्रमवारी त्यातून होत नाही. त्यांसाठी त्या फील्डच्या एक्स्प्रेशनवर बी-ट्री (मूल्ये क्रमाने लावणारा) इंडेक्स लागतो आणि तो हजारो टेनंटच्या हजारो फील्डना लावणे शक्य नसते. दुसरे दुखणे असे की, जेसनबीच्या आतल्या कोणत्या कीमध्ये कोणती मूल्ये किती आहेत, याची आकडेवारी डेटाबेस स्वतःहून ठेवत नाही, त्यामुळे क्वेरीचा आराखडा कधी कधी फारच चुकीचा निघतो. यावर व्यवहार्य तोडगा असा: जे फील्ड शोधण्याजोगे आहेत अशी खूण प्रशासकाने केली असेल, त्यांची मूल्ये एका वेगळ्या टेबलात प्रकारानुसार, म्हणजे मजकूर, संख्या आणि तारीख अशा स्वतंत्र कॉलमांत, उतरवून ठेवावीत आणि त्यावर टेनंट, फील्ड आणि मूल्य असा एकच सामाईक इंडेक्स लावावा. असे किती फील्ड निवडता येतील याला मर्यादा घालावी.

व्याख्येच्या टेबलात फील्डला कधीही न बदलणारा आंतरिक क्रमांक द्यावा आणि जेसनबीमध्ये की म्हणून तोच वापरावा. लेबल हे केवळ दाखवण्यापुरते असते. ग्राहक ते उद्या बदलेल आणि त्यामुळे साठवलेली लाखो मूल्ये पुन्हा लिहावी लागू नयेत. एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामसाठीच्या जोडणीत) दिसणाऱ्या नावाला वेगळा प्रत्यय किंवा उपसर्ग सक्तीने लावावा. सेल्सफोर्समध्ये सानुकूल फील्डच्या नावामागे दोन अंडरस्कोर आणि सी हे अक्षर लागते, त्याचा उपयोग हाच: पुढे सेवादात्याने त्याच नावाचा प्रमाणित फील्ड आणला तरी टक्कर होत नाही.

फील्डचा प्रकार जागच्या जागी बदलू देऊ नये. मजकुराचा फील्ड संख्येचा करायचा असेल तर नवा फील्ड तयार करावा, जुन्यातील मूल्ये त्यात उतरवण्याचा प्रयत्न करावा, जी उतरली नाहीत त्यांची यादी प्रशासकाला द्यावी आणि त्याने मान्य केल्यावर जुना फील्ड लपवावा. पुसण्याच्या बाबतीतही तसेच: आधी लपवा, ठरावीक मुदतीनंतरच खरोखर पुसा. ‘आवश्यक’ अशी खूण केलेल्या फील्डचा अर्थ जुन्या नोंदींसाठी काय, हे आधीच ठरवावे लागते. माझ्या मते जुनी नोंद नुसती वाचताना किंवा तिचे इतर फील्ड बदलताना ही सक्ती नसावी. नव्या नोंदीला आणि त्याच फील्डच्या बदलाला ती असावी. अन्यथा एका प्रशासकाच्या एका टिचकीने रात्री चालणारी आयात आणि बाहेरून एपीआयने येणाऱ्या नोंदी एकदम नाकारल्या जाऊ लागतात.

मूल्य तपासण्यासाठी ग्राहकाला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराची रचना तपासणारे सूत्र) लिहू देणार असाल तर आरई२ सारखे, मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वेळ घेणारे इंजिन वापरावे. सर्वसाधारण इंजिनात एखादी दुर्दैवी रचना एक पूर्ण सीपीयू अडवून ठेवू शकते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीची जगभरातील सेवा सुमारे अर्धा तास कोलमडली ती त्यांच्याच अभियंत्यांनी लिहिलेल्या अशा एका एक्स्प्रेशनमुळे.

शेवटी, सानुकूल फील्ड सर्वत्र दिसला तरच तो उपयोगाचा. यादी, गाळणी, शोध, आयात-निर्यात, अहवाल, छापील दस्तऐवज, एपीआय आणि परवानग्या या प्रत्येक ठिकाणी तो प्रमाणित फील्डसारखाच वागला पाहिजे. केवळ फॉर्मवर दिसणारा फील्ड दिला तर ग्राहक महिनाभरात तीच माहिती पुन्हा स्प्रेडशीटमध्ये ठेवू लागतो.

पायरी ६: नियम, मंजुऱ्या आणि साचे

नियमाची रचना घटना, अट आणि कृती अशी ठेवावी: ऑर्डर तयार झाली, रक्कम मर्यादेपेक्षा जास्त आहे, तर मंजुरीसाठी पाठवा. अटींसाठी लहानशी, मर्यादित भाषा घ्यावी, जिच्यात अमर्याद लूप लिहिताच येत नाही. गूगलची सीईएल ही भाषा याच हेतूने बनलेली आहे. सर्वसाधारण प्रोग्रामिंग भाषेचे एक्स्प्रेशन थेट चालवणे म्हणजे सर्व्हरची किल्ली परक्याच्या हाती देणे होय.

नियम एकमेकांना चालू करतात, ही यातील मुख्य अडचण. एक नियम स्थिती बदलतो, त्या बदलावर दुसरा चालतो, तो पुन्हा पहिल्याची अट पूर्ण करतो आणि चक्र सुरू होते. प्रत्येक कृतीसोबत ती कोणत्या मूळ घटनेतून आणि साखळीच्या कितव्या कडीला आली हे वाहून न्यावे, साखळीच्या लांबीला मर्यादा असावी आणि ती ओलांडली की नियम थांबवून प्रशासकाला कळवावे. नियम कोणाच्या परवानगीने चालतो हेही आधीच ठरवा. तो सर्वाधिकाराने चालत असेल तर कनिष्ठ कर्मचारी नियम लिहून स्वतःला नसलेले अधिकार मिळवू शकतो. प्रत्येक नियमासाठी ‘मागील नोंदींवर चालवून पाहा’ अशी सोय असावी आणि प्रत्येक वेळी तो का चालला किंवा का चालला नाही याची वाचता येईल अशी नोंद राहावी.

ईमेल आणि छापील दस्तऐवजांच्या साच्यांसाठी अशी साचा-भाषा वापरा, जिला फक्त तुम्ही दिलेलीच माहिती दिसते. ऑनलाइन दुकानांची सेवा देणाऱ्या शॉपिफायने दुकानदारांना आपली पाने बदलता यावीत यासाठी तयार केलेली लिक्विड ही भाषा याचे चांगले उदाहरण आहे; तिच्यातून सर्व्हरवरील वस्तूंच्या पद्धतींना हात घालता येत नाही.

पायरी ७: बाहेरच्या दिशेने वाट द्या

मला विचाराल तर बहुतेक सेवांनी इथेच थांबावे. एपीआय आणि वेबहुक (घटना घडताच ग्राहकाच्या पत्त्यावर जाणारा संदेश) यांची जोडी चांगली असेल तर ग्राहकाचा विक्षिप्त तर्क त्याच्याच सर्व्हरवर राहतो, तो त्याच्याच खर्चाने चालतो आणि बिघडला तर त्याचाच बिघडतो. वेबहुकच्या प्रत्येक संदेशावर टेनंटच्या गुप्त कीने केलेली एचमॅक-एसएचए२५६ सही आणि वेळ असावी, प्रत्येक घटनेला एकमेव क्रमांक असावा, आणि संदेश दोनदा येऊ शकतो हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावे. पलीकडून उत्तर आले नाही तर वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करावेत. रांग मात्र टेनंटनिहाय वेगळी असावी, नाहीतर एकाच्या बंद पडलेल्या सर्व्हरमागे सर्वांचे संदेश अडकतात.

वेबहुकचा पत्ता ग्राहक लिहितो आणि विनंती तुमच्या नेटवर्कमधून जाते, हे विसरू नये. तो पत्ता १६९.२५४.१६९.२५४ असेल, तर अनेक क्लाउड सेवांवर त्या ठिकाणी सर्व्हरची स्वतःची ओळखपत्रे मिळू शकतात. म्हणून नाव सोडवल्यानंतर मिळालेला आयपी पत्ता खासगी किंवा राखीव पट्ट्यातील नाही हे तपासावे, जोडणी त्याच तपासलेल्या पत्त्याशी करावी आणि रीडायरेक्ट पाळू नये.

पायरी ८: ग्राहकाचा कोड आत चालवणे

किंमत ठरवण्यासारखे काम पान उघडतानाच व्हावे लागते आणि बाहेर जाऊन येण्याइतका वेळ नसतो, तेव्हाच ही पायरी घ्यावी. सेल्सफोर्सची एपेक्स भाषा पाहिली तर सामाईक यंत्रणेत परका कोड चालवण्यासाठी काय काय बांधून ठेवावे लागते हे कळते: एका ट्रान्झॅक्शनमध्ये १०० क्वेरी, १५० बदल-विधाने आणि १० सेकंद सीपीयू वेळ अशा मर्यादा आहेत, आणि चाचण्यांनी ७५ टक्के कोड झाकला नसेल तर तो प्रत्यक्ष वापरात नेताच येत नाही. शॉपिफायने सवलती आणि वितरण यांचे तर्क वेबअसेंब्ली या बंदिस्तपणे चालणाऱ्या कोडच्या स्वरूपातील लहान मॉड्यूलमध्ये बसवले आहेत. हा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण मॉड्यूलला तुम्ही दिलेल्या इनपुटपलीकडे काहीच दिसत नाही. ग्राहकाचा कोड स्वतःच्या प्रक्रियेत कधीही चालवू नये. तो अडकला किंवा मर्यादा ओलांडली तर मूळ व्यवहार पुढे जाऊ द्यायचा की थांबवायचा, हा निर्णय प्रत्येक जोडबिंदूसाठी वेगळा आणि लेखी असावा: सवलत मोजता आली नाही तर ऑर्डर पूर्ण किमतीला जाऊ शकते, पण मंजुरी तपासता आली नाही तर ती थांबलीच पाहिजे.

पायरी ९: रिलीज, चाचणी आणि निरोप

ग्राहकाचे सर्व कस्टमायझेशन एका फाइलीत निर्यात करता यावे आणि दुसऱ्या खात्यात आयात करता यावे. ही सोय असली की ग्राहकाला सराव-खाते देता येते, तिथे तपासलेले बदल मूळ खात्यात नेता येतात आणि बिघडल्यास मागे फिरता येते. तुमच्यासाठीही ती तितकीच मोलाची आहे: प्रत्येक रिलीजआधी गुंतागुंतीच्या टेनंटची कस्टमायझेशने, त्यांची खरी माहिती न घेता, चाचणी यंत्रणेत चढवून स्वयंचलित चाचण्या चालवाव्यात. दहा लाख एका साच्याच्या नोंदींपेक्षा चाळीस सानुकूल फील्ड आणि साठ नियम असलेले एक खाते अधिक दोष उघडे पाडते.

ज्याला ग्राहक चिकटू शकतो अशा प्रत्येक पृष्ठभागाला, म्हणजे एपीआय, वेबहुकचा मजकूर आणि साच्यातील चलांची नावे यांना, आवृत्ती असावी. शॉपिफाय दर तिमाहीला एपीआयची तारखेने ओळखली जाणारी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येक आवृत्ती किमान १२ महिने चालू ठेवते. लहान सेवेला वर्षाला एक आवृत्तीही पुरेल. जुनी सोय बंद करायची असेल तर ती कोणते टेनंट अजून वापरतात हे मोजूनच सूचना पाठवावी, सरसकट सर्वांना पाठवलेली सूचना कोणी वाचत नाही.

सर्व मोजमापांवर टेनंटची खूण असावी, म्हणजे यंत्रणा मंदावली की कोणाच्या कोणत्या नियमाने किंवा अहवालाने ती मंदावली हे मिनिटांत कळते. सहाय्य विभागाला ‘कस्टमायझेशनशिवाय पाहा’ असे बटण द्यावे, ज्याने ग्राहकाची नोंद मूळ रूपात उघडते. तक्रार तुमच्या कोडची की ग्राहकाच्या नियमाची, याचा निवाडा तिथल्या तिथे होतो.

ग्राहक सेवा सोडून जातो तेव्हा निर्यातीत सानुकूल फील्डची मूल्येच नव्हेत तर त्यांच्या व्याख्याही, वाचता येतील अशा लेबलांसह, असाव्यात. आंतरिक क्रमांकांची जेसन फाइल कोणाच्याच कामाची नसते. मुदत संपल्यावर वेबहुकच्या गुप्त की रद्द कराव्यात, वेळापत्रकाने चालणारे नियम थांबवावेत आणि शोधासाठी उतरवलेली मूल्ये पुसावीत. त्याच्या डोमेनची तुमच्याकडील नोंद काढून टाकावी, त्याच्या डीएनएसमधील सीनेम काढण्याची लेखी सूचना त्याला द्यावी आणि तेच डोमेन नव्या मालकीच्या पुराव्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही खात्याला जोडू देऊ नये.